सेन्सरवरचे दिवे: काही महिने वापरल्यावर

आमच्या ऑफिसच्या इमारतीत दिव्यांना सेन्सर आणि डिमर बसवून बरेच महिने झाले. देखभाल माझ्याकडे असल्यामुळे सबमीटर मीच बघतो आणि लोकांची बोलणीही मीच खातो. वीज वाचते, यात वाद नाही. पण सगळीकडे सारखी वाचत नाही, आणि जिथे वाचते तिथे खरा खेळ सेटिंगचा असतो.

पार्किंग आणि जिन्यांत फरक लगेच दिसला. तिथले दिवे दिवसरात्र पूर्ण जळायचे. आता कुणी नसताना ते 20 टक्क्यांवर उतरतात, कुणी आलं की पूर्ण लागतात. पूर्ण बंद मात्र होऊ देऊ नका. काळोखात गाडीपर्यंत जायला कुणालाच आवडत नाही.

मीटिंग रूमने डोकं खाल्लं. पीआयआर सेन्सरला, म्हणजे शरीराच्या उष्णतेवर चालणाऱ्या सेन्सरला, माणूस दिसत नाही, त्याच्या टप्प्यात उष्णता इकडची तिकडे सरकली तरच त्याला कळतं. चार जण स्क्रीनकडे बघत स्वस्थ बसले की त्याच्या लेखी खोली रिकामी! मग ऐन चर्चेत अंधार आणि सगळे हात हलवतायत. सेन्सर आला तेव्हा त्यात हालचाल थांबल्यावर दिवा विझायची 5 मिनिटांची वेळ होती, ती 15 केली आणि तक्रारी थांबल्या. टॉयलेटमध्ये नुसती वेळ वाढवून भागत नाही, कारण पार्टिशनच्या आड पीआयआरला काही दिसतच नाही. तिथे अल्ट्रासॉनिक घ्या, तो ध्वनिलहरींवर चालतो आणि आडोशामागची हालचालही टिपतो. काचेच्या केबिनमध्ये मायक्रोवेव्ह सेन्सर चुकूनही नको: त्याच्या लहरी काचेतून आरपार जातात, त्यामुळे बाहेरून कुणी गेलं तरी आत दिवे लागतात. पीआयआर काचेपलीकडचं बघत नाही, इथे तोच बरा.

केबिनमध्ये मला सर्वात पटलेलं सेटिंग म्हणजे दिवा लावायचा हाताने, विझायचा आपोआप. उजेड पुरेसा असला की बरेच जण बटणाला हातच लावत नाहीत. आपोआप लागणारा दिवा मात्र माणूस फाईल ठेवायला आत आला तरी लागतो.

खिडकीलगतच्या रांगांचं काम नाजूक आहे. बाहेरचा उजेड वाढला की दिवे मंद व्हावेत, एवढंच अपेक्षित असतं. पण छतातला फोटोसेन्सर टेबलावरून परतणारा उजेड मोजतो. काळ्या टेबलांच्या जागी पांढरी आली तेव्हा उजेड भरपूर आहे असं समजून त्याने दिवे गरजेपेक्षा उतरवले. टेबलावर लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) ठेवून 500 लक्स धरले, एकदा अंधार पडल्यावर आणि एकदा भर दुपारी, तेव्हा गाडी रुळावर आली. ढग आला-गेला की दिवे भसकन बदलायचे, तेही लोकांना खटकायचं. बदल अर्ध्या मिनिटावर पसरवला, आता कुणाच्या लक्षातही येत नाही. डोळ्याचा स्वभाव इथे कामी येतो: मीटरवर उजेड निम्मा झाला तरी डोळ्याला तो साधारण 70 टक्के वाटतो. खिडकीपासून आत, तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीड-दोन पटींपलीकडे मात्र यावर खर्च करू नका, तिथवर उजेड पोचतच नाही.

स्टोअररूमचं गणित गमतीचं. 18 वॅटचा दिवा रोज पाव तास लागला तर 4.5 वॅट-तास जातात. सेन्सर स्वतः अर्धा वॅट घेत असेल, तर चोवीस तासांत त्याचेच 12 होतात. म्हणजे राखणदारच जास्त खातो! दिवा रात्रभर विसरला जात असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर साधं बटण उत्तम.

मोबाईल अ‍ॅप सुरुवातीला सगळ्यांनी उघडून पाहिलं, आता मीही क्वचितच उघडतो. डालीची, म्हणजे दिव्यांना डिजिटल सूचना देणाऱ्या पद्धतीची, वायरिंग मात्र पैसे वसूल आहे. एका लाईनवर दिव्यांना वेगवेगळं ओळखायला 64 पत्ते मिळतात, आणि टेबलांची मांडणी बदलली की वायर न हलवता दिव्यांचे गट बदलता येतात.

घेणार असाल तर सेन्सरच्या किमतीइतकीच चौकशी सेटिंगची करा. माणसं बसायला लागल्यावर ते करून द्यायला पुन्हा कोण येणार, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. आमच्याकडे रिकाम्या मजल्यावर सेटिंग करून लोक निघून गेले होते. प्रत्येक खोलीची वेळ आणि लक्स आता मी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवलेत, कारण वायरमन बदलला की पहिला रीसेट तोच मारतो.