तीन रविवार, सहाशे रुपये आणि आपापली कागदपत्रं

पहिला पगार झाला त्याच महिन्यात मी दरमहा ३,००० रुपयांच्या एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवण्याचा, फॉर्म भरला. भरला म्हणजे काय, सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या आणि मी फुलीफुलीवर सही करत गेले. त्या फॉर्मवरचे शब्द मला दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात कळले. बचत-गुंतवणुकीच्या कागदांवरचे शब्द समजावणाऱ्या ज्या वर्गात ते कळले, त्याबद्दल हे लिहिते आहे.

सांगलीत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरतो. तीन रविवार, सकाळी दहा ते एक, फी ६०० रुपये. शिकवणारे सर बँकेतून निवृत्त झालेले आहेत. चौकशीचे फोन नकोत म्हणून त्यांनी नाव-नंबर कुठे टाकू नका असं सांगितलंय, त्यामुळे देत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मी सल्लागार नाही. कुठला फंड घेऊ, हे मला विचारायचं नाही. शब्द विचारा." आणि खरंच, तिन्ही रविवारी त्यांनी एकाही योजनेचं नाव घेतलं नाही. फुकटात शेअरच्या टिप वाटणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून आलेली दोन-तीन मुलं त्यामुळे दुसऱ्या रविवारी आली नाहीत. मला मात्र ह्याच गोष्टीने विश्वास वाटला.

शिकवायची पद्धत अशी की प्रत्येकाने घरातला एक कागद आणायचा. पासबुक, पोस्टाची पावती, विम्याची पॉलिसी, फंडाचं स्टेटमेंट, जे असेल ते. त्यावरचा न कळणारा शब्द फळ्यावर लिहायचा. माझ्याशेजारच्या मुलाने मामांचं किसान विकास पत्र आणलं होतं, २०२३ मधलं. त्यावर ७.५ टक्के व्याज आणि पैसे दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने. सरांनी विचारलं, ११५च का? कुणालाच येईना. मग ७२ भागिले ७.५ करायला लावलं. उत्तर ९.६ वर्षं, म्हणजे साधारण ११५ महिने. चक्रवाढीने पैसे दुप्पट व्हायला लागणारा काळ काढायची ही सोपी रीत. शाळेत चक्रवाढ व्याजाची गणितं आम्ही सगळ्यांनी सोडवली होती, पण घरातल्या कपाटातल्या पावतीशी त्यांचा संबंध असतो हे तिथे समजलं.

एनएव्हीचा, म्हणजे फंडातल्या एका युनिटच्या (हिश्शाच्या) भावाचा, गैरसमज तर माझाच होता. एका युनिटचा भाव १० रुपये असलेला फंड स्वस्त आणि ५०० रुपयेवाला महाग, असं मी धरून चालले होते. सर म्हणाले, सांगलीत बसून हे हळदीवरून समजून घ्या. पाच किलो हळद एका पिशवीत घेतली काय आणि पाव-पाव किलोच्या वीस पुड्यांत घेतली काय, भाव दहा टक्के चढला तर दोन्हीकडे फायदा तेवढाच. दहा हजार रुपयांत हजार युनिट येवोत नाहीतर वीस, दहा टक्के वाढीनंतर त्याचे अकरा हजारच होणार.

वडिलांनी मला 'लाभांशवाला पर्याय घे, हातात पैसे येतात' असं सांगितलं होतं. त्या पर्यायाला एप्रिल २०२१ पासून आयडीसीडब्ल्यू म्हणतात, म्हणजे 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल', उत्पन्नाचं वाटप आणि भांडवल काढणं. एवढं अवघड नाव का दिलं, तर त्यात उत्पन्नाबरोबर आपलंच भांडवल परत येऊ शकतं हे नावातच दिसावं म्हणून. ५० रुपये एनएव्हीमधून २ रुपये वाटले की एनएव्ही ४८वर येते. घरी जाऊन वडिलांना कागदावर मांडून दाखवलं. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होते.

आणि मग माझं स्टेटमेंट. फंडाच्या नावापुढे 'रेग्युलर' लिहिलेलं होतं. मला तो शब्द 'नियमित' असा वाटायचा, दर महिन्याला भरते म्हणून. त्याचा अर्थ मध्यस्थाचं कमिशन धरलेली योजना. त्याच फंडाची 'डायरेक्ट' योजनाही असते, जानेवारी २०१३ पासून. माझ्या फंडात दोन्हींच्या खर्चात वर्षाला १.१ टक्क्याचा फरक निघाला, म्हणजे लाखामागे ११०० रुपये. हा खर्च वेगळा कापलेला दिसत नाही, रोजच्या एनएव्हीतूनच वजा होऊन येतो. सर म्हणाले, मध्यस्थ खरंच मदत करत असेल तर कमिशन देण्यात गैर नाही. पटलं. पण मला फॉर्म देणाऱ्याने दुसरा पर्याय आहे एवढं तरी सांगायला हवं होतं, ह्याचा राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या रविवारी एका ताईंनी पतसंस्थेची मुदत ठेवीची पावती आणली. पैसे अडकले होते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो लागू नाही, हे त्यांना माहीतच नव्हतं. वर्गात कुणीच बोललं नाही. माझ्या मते हा शब्दभेद पहिल्या तासालाच शिकवायला हवा.

उणिवा आहेत. कराला वीसच मिनिटं मिळाली, आणि वाटलेल्या कागदात शेअर फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर जुनाच १० टक्के कर आणि १ लाखाची सूट छापलेली होती. २३ जुलै २०२४ पासून ते १२.५ टक्के आणि सव्वा लाख आहे. एका मुलीने दाखवून दिल्यावर सरांनी लगेच फळ्यावर दुरुस्ती केली, पण छापील कागद घरी नेणाऱ्याच्या डोक्यात जुनाच आकडा राहील. डीमॅट खात्याचा (शेअर ऑनलाइन जमा ठेवायचं खातं) तासही अर्धा एकाच मोबाइलवर ओटीपी येण्याची वाट बघण्यात गेला. आणि बावीस जणांत आम्ही मुली पाचच होतो.

मी मिरजेत लॅबमध्ये काम करते, रविवारची ड्यूटी बदलून घ्यावी लागली. ती घेतल्याचं मला समाधान आहे. पुढची एसआयपी मी डायरेक्टमध्ये सुरू केली. जुने युनिट विकायचे का हे एक्झिट लोड (मुदतीआधी विकल्यास कापली जाणारी रक्कम) आणि कर बघून ठरवणार आहे, आणि ते हिशेब आता माझे मला करता येतात.

पुढची तुकडी पावसाळ्यानंतर आहे. कुणाला जायचं असेल तर मला विचारा, पत्ता देते. जाताना विम्याची पॉलिसी नक्की न्या, 'सरेंडर व्हॅल्यू' (पॉलिसी मध्येच सोडली तर परत मिळणारी रक्कम) हा शब्द आमच्याकडे तसा कागद कुणीच न आणल्याने राहून गेला.