लांडगा-संकर पाळताना: सव्वीस महिन्यांनंतरचा अनुभव

लांडगा-संकराबद्दल, म्हणजे लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेल्या प्राण्याबद्दल, पहिल्या सहा-आठ महिन्यांत लिहिलेल्या अनुभवावर विसंबू नये. त्या वयात पिल्लू कुत्र्यासारखंच वागतं. मागे मागे फिरतं, अंगावर लोळतं, हाकेला येतं. कुत्रा साधारण वर्षाच्या आत वयात येतो, लांडग्याला जवळपास २ वर्षं लागतात. लांडग्याचा अंश जितका जास्त, तितकं हे वय पुढे सरकतं, आणि स्वभाव कळतो तो तेव्हाच. म्हणून हा अनुभव २६ महिन्यांनंतर.

आधी अंशाविषयी. विक्रेता सांगतो ती टक्केवारी बहुतेक वेळा कागदावरची असते. एकाच वेतातल्या भावंडांतही जनुकांची वाटणी सारखी होत नाही. डीएनए चाचणी करावी आणि अंगलट पाहावी: लांब पाय, अरुंद छाती, मोठे पंजे. मोठेपणी डोळे निळे राहिले, तर ते हस्कीसारख्या कुत्र्याकडून आलेत, लांडग्याकडून नव्हे. चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग ही गोष्ट वेगळी. १९५५ मध्ये जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांच्या संकरातून सुरू झालेली ती आता मान्यताप्राप्त जात आहे. तिच्या अनुभवावरून ताज्या संकराचा अंदाज बांधू नये.

आता कुंपण, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. उंची किमान ८ फूट, जाळी ९ गेजची. गेजचा आकडा वाढला की तार पातळ होते, आणि ११ गेजची जाळी दातांनी ओढून ओढून सैल होते. पहिल्यांदा जाळी तुटत नाही, तुटतात जाळी खांबाला बांधणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तारा. त्या सुरुवातीपासूनच गॅल्व्हनाइज्ड पोलादी घ्याव्यात. वरच्या टोकाला २ फुटांची जाळी आतल्या बाजूला ४५ अंशांत झुकवावी. चढण्याचा प्रयत्न बहुधा कोपऱ्यात होतो, कारण तिथे पायांना दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. कोपऱ्यांत हा झुकाव अखंड हवा, सांध्यात फट राहिली तर बाकीची मेहनत फुकट. आतलं घर किंवा बसायचा ओटा कुंपणाला लागून कधीच ठेवू नये.

खालून उकरणं थांबवायला नुसतं काँक्रीट ओतून भागत नाही, त्याच्या कडेने खड्डा खोल होत जातो. त्यापेक्षा ३ फूट रुंद जाळी आतल्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून कुंपणाच्या पायाशी घट्ट बांधावी आणि वर माती टाकावी. प्राणी उकरतो तो अगदी कुंपणालगत, आणि पंजा जाळीवर आपटतो. पावसानंतर माती वाहून कडा उघड्या पडतात, गंज तिथूनच सुरू होतो. दर आठवड्याला पूर्ण फेरी मारून पाहणी करायलाच हवी. फाटक दुहेरी हवं: एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. साधी कडी नाकाने वर उचलली जाते, तेव्हा कुलूप किंवा कॅराबिनर (स्प्रिंगने बंद होणारी धातूची कडी) दोन्ही फाटकांना.

एकटा ठेवला तर तो रात्रभर ओरडतो आणि हाती लागेल ते फाडतो. घरातला सोफा ही त्यातली किरकोळ बाब, दरवाजाची चौकटसुद्धा टिकत नाही. साधारण समान आकाराचा, विरुद्ध लिंगाचा सोबती हवा आणि दोघांची नसबंदी झालेली असावी. लांडग्यांची मादी वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या अखेरीस माजावर येते. त्या सुमारास अनेक नरांचा, कधी माद्यांचाही, स्वभाव पालटतो: कालपर्यंत चालणारी दटावणी आज आव्हान ठरते. तेव्हा एकट्याने आत जाऊ नये, पाठ फिरवू नये, तोंडातलं हाड हिसकावू नये. दुसरा तुकडा पुढे करून अदलाबदल करावी. लहान मूल आणि हा प्राणी एकत्र, कुणी कितीही खात्री दिली तरी, ठेवू नयेत. धावतं, किंचाळतं, पडतं मूल त्याच्या शिकारीच्या प्रवृत्तीला जागं करतं.

खुराक मुख्यतः कच्चं मांस, कच्ची मांसल हाडं आणि थोडं काळीज. नुसतं मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडून वाढीच्या वयात हाडं वाकतात. शिजवलेलं हाड मात्र कधीच नाही, त्याचे धारदार तुकडे होतात. कुत्र्याने पिष्टमय पदार्थ पचवण्याची क्षमता माणसाबरोबर राहून कमावली, लांडग्यात ती फार कमी आहे. धान्य जास्त असलेल्या कोरड्या खाद्यावर शौच पातळ राहतं, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

कायद्याची बाजू पिल्लू आणण्याआधी तपासावी. ब्रिटनमध्ये संकराच्या पहिल्या दोन पिढ्यांना १९७६ च्या धोकादायक वन्य प्राण्यांविषयीच्या कायद्याखाली परवाना लागतो. अमेरिकेत रेबीजची एकही लस लांडगा-संकरासाठी अधिकृत मंजूर नाही. पशुवैद्य कुत्र्याची लस टोचतात, पण हा प्राणी कुणाला चावला, तर कुत्र्याला मिळणारी १० दिवसांची देखरेख त्याला मिळेलच असं नाही. मेंदूच्या तपासणीसाठी त्याला मारलं जाऊ शकतं.

यासाठीच तोंडाला जाळीची टोपी घालायची सवय ३ महिन्यांच्या वयापासून लावावी. रोज ५ मिनिटं, आत मांसाचा तुकडा ठेवून, पट्टा न आवळता. दीड वर्षानंतर सुरुवात केली, तर साध्या रक्ततपासणीलाही भूल द्यावी लागते.