जुनी हिमालयन 411: लातूरचं ऊन, काळा चिखल आणि स्पिती

लांबच्या प्रवासासाठी जुनी ॲडव्हेंचर बाईक घेतली म्हटलं की आमच्या लातुरात दोन प्रश्न ठरलेले. ‘ॲव्हरेज किती देती?’ आणि ‘मग बुलेटच का नाही घेतली?’ पहिल्याचं उत्तर, साधारण 30. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे.

माझी गाडी 2019 ची रॉयल एनफिल्ड हिमालयन 411, बीएस-4 (धुराच्या सरकारी नियमांचा टप्पा), एबीएसवाली (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होत नाही), पुणे पासिंग. माझ्याकडे आली तेव्हा मीटर 30 हजारांच्या पुढे गेलेलं. गेल्या दिवाळीनंतर घेतली. त्यानंतर आपला उन्हाळा, हंपी, माहूर, सप्टेंबरमध्ये हिमाचलमधली स्पिती आणि नुकताच परतीचा पाऊस, एवढं सगळं तिच्यावर काढून झाल्यावर लिहितोय.

घेण्याआधी बघितल्या बऱ्याच. केटीएम 390 ॲडव्हेंचरवर जीव होता. 373 सीसी, 43 हॉर्सपॉवर, हायवेला गाडी नुसती उडते. पण सीट 855 मिलिमीटर उंच आणि माझी उंची साडेपाच फूट. सपाट रोडवर चालून जातं, पण उतारावर दगडात थांबायचं म्हणजे एक पाय हवेत. बीएमडब्ल्यू जी 310 जीएस दिसायला देखणी, पण टाकी 11 लिटरची. हिरो एक्सपल्स 200 मला आजही मनापासून आवडते. 160 किलोच्या आत वजन, पडली तर एकट्याने उचलता येते, शेताच्या बांधावरून शेळीगत जाते. मात्र सामान लादून दिवसभर हायवे तुडवायचा तर 200 सीसीचा जीव कमी पडतो. तुमचं फिरणं आसपासच्या जिल्ह्यांत, धारूर, औसा, कंधार, परांडा असे किल्ले बघत असेल तर पुढचं न वाचता एक्सपल्स घ्या.

हिमालयन घेण्यामागे माझं एकच गणित होतं: गाडी बिघडली तर ती कोण उघडणार? सिंगल सिलिंडर, हवा आणि ऑईलवर थंड होणारं इंजिन, रेडिएटर नाही, पाच गिअर. आमच्या गल्लीतले मिस्त्री बुलेट खोलण्यात म्हातारे झाले. हे इंजिन वेगळं आहे, तरी त्यांनी अर्ध्या तासात ओळख करून घेतली. पार्ट नांदेडला, बीडला, सोलापूरला मिळतात. ताकद 24 हॉर्सपॉवरच्या आसपास, कागदावर हसू येईल इतकी. पण 32 न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, 4,000 ते 4,500 आरपीएमलाच हाती येतो. त्यामुळे मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकच्या मागे रांगताना सारखे गिअर पाडावे लागत नाहीत.

वर्ष निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. 2016 ला पहिली आली ती कार्बोरेटरवाली. बीएस-4 पासून, म्हणजे 2017 पासून, फ्युएल इंजेक्शन आलं. 2018 मध्ये एबीएस आलं. 2020 च्या बीएस-6 मध्ये मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय झाली. मातीच्या उतारावर ती फार कामाची आहे आणि माझ्या गाडीत ती नाही. कार्बोरेटरवाली स्वस्तात मिळते आणि कुठलाही मिस्त्री ती खोलतो, हे खरं. पण उंचावर हवा विरळ झाली की पेट्रोलचं प्रमाण जास्त होतं आणि गाडी गुदमरते. हिमालयात जायचं पक्कं असेल तर इंजेक्शनवालीच बघा. 2023 च्या शेवटी 450 आली, 40 हॉर्सपॉवरची, तेव्हापासून 411 बाजारात बऱ्याच दिसतात.

आता गाडी तपासायची कशी, यावर जरा सविस्तर बोलतो, कारण खरी मेख इथंच आहे. पुण्याला मिस्त्रींना सोबत घेऊन गेलो होतो. पहिली गाडी एका डीलरकडे. चकाचक धुतलेली, इंजिनलाही पॉलिश. मिस्त्री लांबूनच म्हणाले, “मालक, इंजिन धुऊन ठेवलंय म्हणजे कुठं गळतंय ते आपल्याला दिसू नये म्हणून.” मीटरवर 11 हजार. मिस्त्री पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे अंगठ्याने पुसून वाचले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी 2018 ची आणि टायर 2022 चं! 11 हजारांत पुढचं टायर बदलायची पाळी येत नाही. त्यात फूटरेस्टचं रबर गुळगुळीत आणि डिस्कला बोटाला लागेल अशी कड. मीटर मागे फिरवलंय हे डीलरला सांगायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. चहा घेतला आणि निघालो.

माझी गाडी एका नोकरदार माणसाची. ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका’ असं फोनवर सांगून ठेवलं होतं. गेल्या गेल्या इंजिनला हात लावून बघितला, थंडगार. गार इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कसला येतो, हे बघायचं असतं. गरम गाडी कुठलीही चांगलीच वाटते. मग मेन स्टँडवर घेतली. (या गाडीला मेन स्टँड कंपनीकडूनच येतो. चेनला ऑईल मारताना त्याची किंमत कळते.) मी मागून दाबून धरली, पुढचं चाक उचललं. मिस्त्रींनी दोन बोटांनी हँडल डावीकडून उजवीकडे हळूच फिरवलं. मधोमध, अगदी सरळ आल्यावर, हँडल टक्कन अडकल्यासारखं झालं. मला कळलंसुद्धा नव्हतं. माझी बोटं तिथं ठेवून त्यांनी परत फिरवलं तेव्हा तो खड्डा हाताला लागला. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला. मग चाक फिरवून रिंगला आऊट आहे का, म्हणजे ती वाकडी फिरते का, बघितलं, तारा एकेक करून वाजवल्या, फोर्कच्या नळीवर बोट फिरवून ऑईल सील गळतंय का पाहिलं. चेन स्प्रॉकेटचे दात अजून धड होते. कोनसेटवर बोट ठेवून भावात घासाघीस केली आणि व्यवहार सव्वा लाखाच्या जरा आत बसला. मालकाने सर्व्हिसची बिलं तारखेवार फाईलला लावून ठेवली होती. खरं सांगायचं तर ती फाईल बघूनच माझं मन झालं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून दंडाची पावती पडून आहे का ते बघणं. राज्यातल्या राज्यात असल्याने नंबर एमएच 12 चाच राहिला. एका गोष्टीकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात ती म्हणजे विमा. गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघा.

आल्याआल्या कोनसेट, दोन्ही ब्रेक पॅड, एअर फिल्टर, फोर्क ऑईल आणि इंजिन ऑईल बदललं. जुन्या क्लच केबलच्या बाजूने नवी केबल ओवून बांधून ठेवली, म्हणजे वाटेत तुटली तर नुसती टोकं बदलायची. लांब जायचं असेल तर गाडीच्या किमतीच्या वर पंधरा-वीस हजार बाजूला ठेवूनच उतरा.

चालवायला 80 ते 90 चा वेग हा तिचा सुखाचा. शंभरच्या वर हँडलमध्ये थरथर येते आणि ओव्हरटेकसाठी रस्ता रिकामा लागतो. मेमध्ये 42 अंशांत लातूरच्या गांधी चौकात सिग्नलला उभं राहिलं की मांड्या भाजतात, पण इंजिन कधी रुसलं नाही. नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूर आणि तिथून 44 नंबरच्या हायवेने वर दिल्लीकडे, ही सरळसोट वाट कंटाळवाणी आहे. पण सीटने साथ दिली. 15 लिटरच्या टाकीवर चारशेच्या वर किलोमीटर निघतात, त्यामुळे किन्नौरमध्ये पोवारीला टाकी फुल केल्यावर स्पितीतल्या काझापर्यंतच्या जवळपास 200 किलोमीटरची काळजी उरली नाही. कुंझुम पासवर, साडेचार हजार मीटरच्या वर, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालली. पुढचं 21 इंची चाक आणि 200 मिलिमीटरचं सस्पेन्शन तिथले दगड आणि ओढे गिळत गेलं.

तिचा खरा कस लागला तो घराजवळ. सोयाबीन काढणीच्या दिवसांत परतीचा पाऊस झाला आणि औशाकडच्या एका पाणंद रस्त्यात शिरलो. दीडशे मीटरमध्ये काळी माती पुढच्या चाकावर चढली, चाकाजवळच्या मडगार्डमध्ये गच्च बसली आणि चाक फिरायचं थांबलं. गाडी आडवी. सामान नसतानाही वजन 190 किलोच्या वर. पाठ गाडीला टेकवून, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, आणि सगळा जोर पायांत घेऊन मागे रेटत उचलायची, ही पद्धत शिकून ठेवली होती, पण पाय चिखलात सरकत होते. बांधावरचे काका हसत म्हणाले, “बैलं आणू का, भाऊ?” शेवटी दोघांनी मिळून उचलली आणि तुराटीने मडगार्डमधली माती उकरत बसलो. ते खालचं मडगार्ड पावसाळ्यात काढून ठेवलेलं बरं. वरची चोच राहतेच.

दुसरी अडचण ट्यूबची. चाकं तारांची, त्यामुळे ट्यूब आलीच आणि 21 इंची ट्यूब तालुक्याच्या गावालाही मिळत नाही. पुढच्या चाकाची एक ट्यूब सोबत ठेवा. नडीला ती मागच्या 17 इंची चाकातही घडी घालून बसते आणि पुढच्या गावापर्यंत नेते. टायर लिव्हर आणि हातपंप वापरायची सवय घरीच करून घ्या.

उन्हाळ्यात नेपाळचा विचार आहे. त्याआधी चेन स्प्रॉकेटचा सेट आणि मागचं टायर बदलायचं. सीमेवर भन्सार (गाडी नेपाळात न्यायचा कर) भरताना आरसी बघतात, तिथं दुसऱ्याचं नाव असेल तर अधिकारपत्राची खटपट मागे लागते. तेव्हा अजून ज्यांनी जुनी गाडी घेऊन नाव चढवलं नाही त्यांनी आरटीओचं काम आधी उरकावं, बॅगा आणि क्रॅश गार्ड मागाहून घ्यावेत.