लागर की एल? गोव्यात बसून केलेली तुलना

गोव्यात बियर म्हटलं की डोळ्यासमोर येते ती लागरच, तावेर्नातली, म्हणजे इथल्या छोट्या बारमधली गार बाटली, बाहेरून पाणी सुटलेलं, बाजूला रवा लावून तळलेला बांगडा. एल, म्हणजे बियरचाच दुसरा प्रकार, इकडे आत्ता आत्ता दिसायला लागली, मग लोक विचारतात फरक काय, रंगाचा का? नाही हो, काळी लागर पण असते. खरा खेळ यीस्टचा, म्हणजे साखरेची दारू करणाऱ्या बुरशीचा, बाकी जवाचा माल्ट (मोड आणून सुकवलेले दाणे), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी दोन्हीकडे तेच.

एलचं यीस्ट साधारण 15 ते 24 डिग्रीत काम करतं, पटापट उरकतं, वर जाड फेस धरतं आणि जाता जाता फळांसारखे वास सोडून जातं. गव्हाची जर्मन एल एकदा नाकाशी धरून बघा, चक्क पिकलेलं केळं आणि लवंग, आणि आत यातलं काहीच घातलेलं नसतं!

लागरला 7 ते 13 डिग्री हवेत, वर थंडीत कित्येक आठवडे नुसतं पडून राहायचं, नावच जर्मन 'लागर्न' म्हणजे साठवणे यावरून आलंय. 1842 ला योसेफ ग्रोल या बियर बनवणाऱ्याने आजच्या चेकमधल्या पिल्सेन शहरात सोनेरी लागर केली ती तळघराच्या गारव्यात, आपल्या म्हापशात मे महिन्यात थंड करायच्या मशीनशिवाय जमेल काय?

चव विचाराल तर लागर स्वच्छ, हलकी, माशाबरोबर एकदम फिट. दुपारच्या उन्हात मी तीच घेणार. पण पावसात, लाईट गेलेली, गप्पा रंगल्यात, तेव्हा एलच, फक्त ती बर्फागत गार करू नका, वास मरतो.