टेट्रिस द ग्रँड मास्टर: पहिला घ्यावा की दुसरा?

अरिका कंपनीचे हे दोन्ही गेम 1998 आणि 2000 साली जपानमधल्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या गेम-पार्लरमध्ये, आले आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिले. आता हॅम्स्टर कंपनीच्या आर्केड आर्काइव्ह्ज मालिकेत पहिला 2022पासून, तर दुसऱ्याची ‘प्लस’ आवृत्ती 2023पासून स्विच आणि पीएस4 या घरगुती कन्सोलवर मिळते. पैसे मात्र दोनदा मोजावे लागतात.

पाया एकच आहे. लेव्हल 0 ते 999. पाचशेला वेग 20जीवर जातो, म्हणजे तुकडा पडताना दिसतच नाही, थेट ढिगावर उमटतो. तिथून तो आडवा सरकतो, खाली घसरतो, पण वर चढत नाही. मध्ये खड्डा राहिला की तुकडा त्यातच अडकणार, म्हणून ढीग मध्ये उंच आणि कडांकडे उतरता ठेवायचा. तुकडा येण्याआधीच फिरवायचं बटण दाबून धरलं, तर तो फिरूनच येतो. ही सवय हाताला लागल्याशिवाय 20जीत निभाव लागत नाही.

पहिला गेम इथे फार प्रामाणिक वागतो. तुकडा टेकल्यावर पक्का होण्याआधी अर्धा सेकंद मिळतो आणि 999पर्यंत तेवढाच मिळतो. पाचशेला शिकलेलं नऊशेलाही चालतं. ग्रँड मास्टर (सर्वांत वरची श्रेणी) व्हायला 1,26,000 गुण आणि 13 मिनिटं 30 सेकंदांची मर्यादा.

दुसऱ्यात हात मोकळा वाटतो: वरचं बटण दाबलं की तुकडा झटकन तळाला जातो, तरी पक्का होत नाही. एकच तुकडा पुन्हा पुन्हा येणंही कमी. पण पाचशेनंतर दोन तुकड्यांमधली उसंत आटत जाते, नऊशेनंतर टेकल्यावरचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. ग्रँड मास्टरसाठी शेवटी सरकणाऱ्या श्रेयनामावलीत (क्रेडिट्समध्ये), बसताक्षणी अदृश्य होणारे तुकडे रचत टिकायचं! शिवाय टी.ए. डेथ मोड पहिल्या तुकड्यापासून 20जीवर चालतो. 3 मिनिटं 25 सेकंदांत पाचशे गाठलं नाही तर खेळ तिथेच थांबतो.

मोबाइलवरच्या टेट्रिसवरून येत असाल तर निःशंक पहिला घ्या; 20जी शिकवणारा याच्याइतका चांगला गेम मला माहीत नाही. 20जीत सहज तग धरत असाल, किंवा घरात दोघांना एकाच वेळी खेळायला डबल्स मोड हवा असेल, तर दुसरा.