निवृत्तीची शीट: अकरा महिने वापरल्यावर

आधीच सांगते, हे विकतचं अ‍ॅप नाही. साधी स्प्रेडशीट आहे: एका पानावर खर्च, दुसऱ्यावर बचत आणि कर्ज, तिसऱ्यावर निवृत्तीचं गणित. ऑफिसात नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली तेव्हा घाबरून बसवली होती.

पहिल्या पानाने सुरुवातीला जीव खाल्ला. खर्चाचे २३ प्रकार आणि रोज रात्री नोंदी! दुसऱ्याच महिन्यात कंटाळले. आता सात प्रकार, आठवड्यातून एकदा, बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून पंधरा मिनिटं. रोख खर्च अंदाजपंचे राहतो, राहू दे.

खरा धक्का दिला तो अधूनमधून उगवणाऱ्या खर्चांनी. विम्याचा हप्ता, गाडीचं काम, दाताचं रूट कॅनाल. 'या महिन्यात जरा जास्त झालं' असं मी अकरापैकी सात महिने म्हटलंय. आता त्यांच्या वर्षाच्या बेरजेला बाराने भागून तेवढे दरमहा वेगळ्या खात्यात टाकते. नोकरी गेली तर सहा महिने निघतील अशी माझी समजूत होती. हे खर्च धरल्यावर साडेचारच निघाले.

तिसरं पान दिसायला सगळ्यात हुशार, पण भरवसा त्याच्यावरच सगळ्यात कमी. महागाई ६ टक्के धरली तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट (७२ भागिले दर), २४ वर्षांत चौपट. ४ टक्के धरली तर दुप्पट व्हायलाच १८ वर्षं. एकदा मोबाइलवर ६ च्या जागी ०.६ पडलं आणि तीन आठवडे मी कागदोपत्री श्रीमंत होते. तेव्हापासून सूत्रांचे रकाने लॉक.

दर वर्षी किती काढायचे, यासाठी ४ टक्क्यांचा नियम डोळे मिटून टाकला होता. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये मांडलेला: पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्यायचं. पण तो अमेरिकी बाजाराच्या इतिहासावर आणि ३० वर्षांच्या हिशोबाने बेतलेला. मला पंचावन्नला थांबायचंय, नव्वदीपर्यंत जगले तर ३५ वर्षं होतात. म्हणून सध्या साडेतीन.

सरासरी परतावा हा रकाना तर मी काढूनच टाकला. कारण असं: १०० जमा आहेत आणि तीन वर्षांचे परतावे उणे ३०, अधिक १०, अधिक ३० टक्के. काहीच काढलं नाही, तर क्रम कसाही लावा, १००.१ उरतात. पण दर वर्षाच्या सुरुवातीला ५ काढले, तर याच क्रमाने, म्हणजे पडझड पहिल्या वर्षी आल्यास ८१.४ उरतात आणि क्रम उलटा होऊन ती तिसऱ्या वर्षी आल्यास ८७.७. सरासरी तीच! हे उमगायला मला चार महिने लागले. आता निवृत्तीनंतरच्या पहिल्या तीन वर्षांचा खर्च शेअरबाजाराबाहेर धरते. त्यावर परतावा कमी मिळणार, हे मान्य.

शीटला मी पाचपैकी साडेतीन देईन. एक गुण गेला हाताने भरण्यात, अर्धा त्या ०.६ चा.

आठव्या महिन्यात नवऱ्याने विचारलं, "तू नसलीस तर यातलं मला काय कळणार?" त्यावरून चौथं पान उघडलं: खाती, पॉलिसी, नॉमिनी, कागद कुठे ठेवलेत ते. अजून अर्धंच झालंय. दोन जुन्या खात्यांवर नॉमिनी म्हणून बाबांचं नाव निघालं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.