‘इम्प्लांट वाचवतो’ म्हणत पैसे घेत राहिले, आत पू साचत गेला

घरात कुणी स्तनाचं इम्प्लांट बसवलेलं असेल किंवा बसवायचं चाललं असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. सोलापुरात माझ्या थोरल्या जावेच्या बाबतीत जे घडलं ते लिहिते आहे. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांना विचारूनच लिहिते आहे. ज्या कॉस्मेटिक सेंटरमध्ये इम्प्लांट बसवलं त्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

अक्कांना डाव्या बाजूला कॅन्सर झाला होता. स्तन काढला, केमो झाले, रेडिएशन झालं. त्या उपचारांबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पुढे काही वर्षांनी अक्का म्हणायला लागल्या की ब्लाउज नीट बसत नाही, लग्नकार्यात सारखा पदर सावरत बसावं लागतं. ‘या वयात कशाला हे सगळं?’ असं घरातल्याच काहींनी म्हटलं. त्याचा राग मला अजून आहे. पन्नाशीतल्या बाईला आपलं शरीर पूर्वीसारखं दिसावं असं वाटलं, तर त्यात गैर काय? पण ही कुजबुज सेंटरवाल्यांच्या पथ्यावर पडली. चोरून उपचार घेणारी बाई पावती मागत नाही, दुसऱ्या डॉक्टरला दाखवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

बोर्डावर ‘कॉस्मेटिक सर्जन’ लिहिलेलं. आत भिंतीवर चौकटीतली सर्टिफिकेटं. पुढे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंद तपासली तेव्हा कळलं, प्लास्टिक सर्जरीची पदवी तिथं नव्हतीच. ते कागद थोड्या दिवसांच्या कोर्सचे होते. प्लास्टिक सर्जनकडे त्या विषयातली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. असते. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि घरी येऊन स्वतः तपासा.

अक्कांची कॅन्सरची जाडजूड फाईल त्या माणसाने उघडूनसुद्धा पाहिली नाही. रेडिएशन झालेल्या जागी इम्प्लांट बसवणं जोखमीचं असतं, जखम भरायला त्रास होतो, इन्फेक्शनची शक्यता वाढते. म्हणून अशा वेळी बरेच सर्जन पाठीचा किंवा पोटाचा स्वतःचाच मांसल भाग वापरायला सांगतात. इम्प्लांटच बसवायचं तर बहुतेक वेळा आधी एक्स्पांडर ठेवून, त्यात आठवड्या-आठवड्याने सलाईन भरून कातडी सैल करून घेतात. यातलं काहीच अक्कांना सांगितलं नाही. शुगर तपासली नाही. मिश्री लावता का, हेही विचारलं नाही. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका किती आहेत, आणि तंबाखूने जखम भरणं किती लांबतं, हे सोलापुरातल्या डॉक्टरला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. ‘एकाच ऑपरेशनमध्ये काम होतंय ओ, संध्याकाळी घरी जावा,’ एवढंच सांगितलं. दोन लाख दहा हजार रोख घेतले. पावती म्हणून लेटरपॅडच्या चिठ्ठीवर पेनाने ‘पेड’.

तिसऱ्या आठवड्यात कातडी लाल झाली, हात लावला तर गरम लागायची. मग टाक्यांच्या एका कोपऱ्यातून पातळ, पिवळसर पाणी यायला लागलं. ताप नव्हता. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं आणि ‘सिलिकॉनची ॲलर्जी’ म्हणून गोळ्या दिल्या. त्यात स्टिरॉईड होतं, हे चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्यावर कळलं. पुढे ‘इंपोर्टेड इंजेक्शन’ सुरू झालं, त्यानंतर ‘लेझर वॉश’. प्रत्येकाचे पैसे वेगळे, सगळे रोख. अक्कांनी काही विचारलं की एकच उत्तर यायचं, ‘इम्प्लांट वाचवायचंय ना? काढलं तर सगळे पैसे पाण्यात!’

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. इन्फेक्शन झालं म्हणून मी फसवणूक म्हणत नाही. उत्तम हॉस्पिटलात, नामांकित सर्जनच्या हातूनही ते होतं. फक्त सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनमध्ये साधारण शंभरात एक-दोन बायकांना होतं, कॅन्सरनंतर बसवलेल्या इम्प्लांटमध्ये त्याहून बरंच जास्त. बहुतेक वेळा ते पहिल्या महिना-दीड महिन्यात दिसतं, पण काही महिन्यांनी, वर्षांनीही होऊ शकतं. सगळ्यात जास्त आढळणारे जंतू म्हणजे आपल्याच कातडीवर राहणारे स्टॅफिलोकॉकस. कधी स्युडोमोनास असतो, कधी आणखी वेगळे. इम्प्लांटला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्याच्यावर बसले की पाण्याच्या टाकीत बुळबुळीत शेवाळ धरावं तसा थर करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. रक्तातून येणारं औषध त्या थरात नीट शिरत नाही. म्हणून गोळी चालू असेपर्यंत बरं वाटतं आणि बंद केली की पुन्हा लाली येते. अक्कांचं अगदी हेच चाललं होतं.

खरा उपचार कसा असतो, ते नंतर आम्ही डोळ्यांनी पाहिलं. नुसती हलकी लाली असेल तर अँटिबायोटिकच्या गोळ्या देतात, पण एक-दोन दिवसांत पुन्हा बोलावून बघतात. उतार नसेल तर ॲडमिट करून शिरेतून औषध देतात. सोनोग्राफीत इम्प्लांटभोवती पाणी किंवा पू दिसला तर तो काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवतात, जमलं तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच. कुठला जंतू आहे त्यावर औषध ठरतं. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे एमआरएसए, असेल तर व्हॅन्कोमायसिनसारखं औषध लागतं. ते स्युडोमोनासवर चालत नाही. पू झाला असेल, टाके उसवून इम्प्लांट दिसायला लागलं असेल किंवा औषधाला दाद नसेल, तर ऑपरेशनला पर्याय नसतो. काही पेशंटमध्ये जुनं इम्प्लांट काढून, पोकळी नीट धुऊन, त्याच ऑपरेशनमध्ये नवं बसवतात. म्हणजे वाचवण्याचा प्रयत्न खरोखर होतो. म्हणूनच ही थाप सहज पचते. पण तो प्रयत्न कल्चर हातात घेऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये होतो. बंद जखमेवर लाईट फिरवून होत नाही. कातडी खराब असेल, जंतू चिवट असेल, तर इम्प्लांट काढून टाकतात आणि साधारण तीन ते सहा महिने तरी थांबतात.

आम्हाला शंका आली ती कल्चरमुळे. त्यांनी कल्चरचे म्हणून पैसे घेतले आणि ‘रिपोर्ट क्लीन आहे’ असं तोंडी सांगितलं. कागद मागितला की उद्या, परवा. शेवटी मी स्वतः त्या लॅबमध्ये गेले. अक्कांच्या नावाचा नमुना त्यांच्याकडे आलाच नव्हता. काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर माझ्यासमोर पुन्हा पुन्हा चाळलं. बिचारी मलाच सॉरी म्हणत होती.

त्याच दिवशी आम्ही अक्कांना एका खऱ्या प्लास्टिक सर्जनकडे नेलं. त्यांनी आधी इम्प्लांटचा स्टिकर मागितला. इम्प्लांटच्या डब्यातच कंपनीचं नाव, आकार, लॉट आणि सिरियल नंबर छापलेले स्टिकर येतात. एक केसपेपरवर लागतो, एक पेशंटच्या कार्डावर. आमच्याकडे काहीच नव्हतं. या स्टिकरचं महत्त्व किती, बघा. २०१० साली फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीच्या इम्प्लांटमध्ये कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरलेलं सापडलं, मालकाला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांटं जगभरातून परत मागवली, कारण त्यांच्याभोवती लिम्फोमा नावाचा एक दुर्मिळ कॅन्सर होत असल्याचं दिसलं. अशा वेळी आपल्या शरीरात नेमकं काय आहे, हे त्या स्टिकरवरूनच कळतं. आणि इम्प्लांट बसवून वर्षं उलटल्यावर अचानक सूज आली, पाणी भरलं, तर ते पाणी जंतूंबरोबर या लिम्फोमासाठीही तपासायला लागतं.

ऑपरेशनमध्ये इम्प्लांट काढलं, त्याच्याभोवती शरीराने धरलेला खराब झालेला पापुद्रा काढला, सगळं धुतलं, पाणी बाहेर यायला नळी (ड्रेन) ठेवली. साध्या कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही. सर्जनना ते आधीच अपेक्षित असावं, कारण त्यांनी मायकोबॅक्टेरियाची वेगळी तपासणी सांगून ठेवली होती. ती पॉझिटिव्ह आली, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम. हा टीबीच्याच कुळातला जंतू, पण टीबी नव्हे. तो पाण्यात, मातीत असतो आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आमच्याकडे मात्र ‘टीबी झाला’ अशी बातमी फिरली, अक्कांचा चहाचा कप वेगळा ठेवला गेला. तो मी सगळ्यांसमोर परत इतर कपांत ठेवला. टीबीची नेहमीची औषधं यावर लागू पडत नाहीत. जंतूची चाचणी करून दोन किंवा जास्त औषधं एकत्र, काही महिने घ्यावी लागतात. अक्कांना अशी दोन औषधं चालू आहेत. अवजारं वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये न घालता औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवली, वर साध्या नळाच्या पाण्याने धुतली, तर असे जंतू जखमेत जाऊ शकतात. अक्कांच्या बाबतीत ते कुठून आले हे सर्जननी लिहून दिलेलं नाही, म्हणून तो आरोप मीही करत नाही. न केलेल्या तपासणीचे पैसे घेतले, स्टिकर दिला नाही, नसलेली पदवी मिरवली आणि पू असताना जखम उघडली नाही, हे आरोप मात्र कागदांसकट केले आहेत.

ज्यांना अशी तक्रार करावी लागेल त्यांच्यासाठी लिहिते. केसपेपरच्या प्रती लेखी मागा, अर्जाची पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. जिल्हा आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. पदवीबद्दलची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे वेगळी करावी लागते. रोखीने दिलेल्या पैशांचा पुरावा म्हणून आमच्याकडे ‘पेड’च्या चिठ्ठ्या, बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदी आणि त्यांच्या रिसेप्शनवरून आलेले व्हॉट्सॲप मेसेज होते, तेच जोडले. लॅबने ‘नमुना आला नाही’ असं लेटरहेडवर लिहून दिलं. तुमचं प्रकरण असंच असेल तर हे पत्र सगळ्यात आधी मिळवा, आणि मेसेज डिलीट करू नका.